छायाचित्रात डावीकडून तिसरी

माळावरून चालून आलं की सलवारीला कुसळं चिकटलेली असतात. ती गोळा करायला कुणी गेलेलं नसतं. घरी येऊन एकेक उपटत बसलं की कळतं किती जमली ते. आमच्या ग्रुपचे किस्से असेच जमलेत. फक्त ही कुसळं टेकडीवर कमी लागली आणि वेबसाइटवर जास्त!

आधी मी कोण ते सांगते, कारण आमच्याकडे तेवढं कळल्याशिवाय पुढचं कुणी ऐकत नाही. मी हिंगोलीत एका सरकारी कार्यालयात आहे. माझ्या टेबलावर पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले येतात. आजोबा समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत असतात आणि मी त्यांना विचारते, "तुम्ही जिवंत असल्याचा कागद आणला का?" वीस वर्षं हेच करून स्वभाव जो व्हायचा तो झाला. आमचे हे म्हणतात, "सूर्य उगवला तरी ही त्याला ओळखपत्र मागते."

दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण चालायला जातो. पुण्याकडचे लोक गड चढतात. आमच्या वाट्याला टेकड्या आल्या, म्हणून आमचं नाव 'टेकडीकर'. आमचे विश्वंभर सर कॉम्प्युटरचे क्लास घेतात. त्यांनी हौसेने टेकडीकरांची वेबसाइट काढली. कोणती वाट कुठून चढते, पाणी कुठे मिळतं, कोणत्या शेतातलं कुत्रं चावतं, सगळं त्यावर. आणि सभासदांची माहिती. सगळा घोळ त्या माहितीतच आहे.

*

सभासद व्हायला फॉर्म होता. सरांनी तो फार मन लावून केला होता. पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, वजन, रक्तगट, शिक्षण, नोकरी, राहता पत्ता, मोबाइल, पूर्ण उंचीचा फोटो. टेकडीवर कुणी पडलं, हरवलं तर शोधायला बरं, हा सरांचा विचार.

मला पहिल्याच दिवशी वाटलं, एवढं तर माझ्या सासरच्यांनीही विचारलं नव्हतं. मग आठवलं, विचारलं होतं. अगदी हेच आणि याच क्रमाने विचारलं होतं.

हे फक्त मलाच आठवलं असं नाही. एका मुलाचा फॉर्म त्याच्या आईने भरून पाठवला. 'इतर माहिती'मध्ये रास, नाडी, मामाचं आडनाव आणि घरी ओलिताची शेती. 'चालण्याचा पूर्वानुभव' यापुढे लिहिलं होतं, 'निर्व्यसनी'. 'ग्रुपकडून अपेक्षा' यापुढे लिहिलं होतं, 'शिकलेली, नोकरी असल्यास चालेल.'

त्या मावशी दर सोमवारी सरांना फोन करायच्या. "सर, काई आलं का वो?"

सर साधा माणूस. त्यांना वाटलं मावशी पुढच्या कार्यक्रमाची चौकशी करतायत. ते म्हणाले, "आलंय ना मावशी. रविवारी सकाळी सहाला सेनगावकडच्या टेकडीवर पाठवा त्याला."

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पोरीकडचे घरी काहून बोलवून नाही राहिले? काई खोट हाय का पोरीत?"

*

नामदेवकाका आमच्यातले सगळ्यात वयस्क. निवृत्त तलाठी. जन्मभर दुसऱ्यांची माहिती कागदावर घेतली, त्यामुळे स्वतःची देताना ते दहादा विचार करतात. फॉर्म भरून झाला आणि त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे आले. सर म्हणाले, "काका, तो ओटीपी टाका आता."

काका म्हणाले, "ते जमणार न्हाई. कुणालाच सांगू नका म्हणून दर मेसेजात लिहून येतंय."

"सांगू नका काका. फक्त टाका."

"टाकणं म्हंजे सांगणंच झालं की."

सरांनी समजावलं, की तो मेसेज आपल्याच साइटने पाठवलाय. काका म्हणाले, "तुमीच पाठवला, मंग तुमाला माहीतच असंल. मला काहून विचारून राहिले?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला काकांचंच पटलं आणि अजून पटतं. तीन आठवडे काका सभासद न होताच आमच्याबरोबर चालले. चौथ्या रविवारी त्यांनी सरांना बाजूला घेतलं, इकडेतिकडे बघितलं आणि कानात सहा आकडे सांगितले. पहिल्या दिवशी आलेले.

*

एकदा औंढ्याकडच्या टेकडीवरून उतरताना काकांचाच पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. सर मोठ्या अभिमानाने म्हणाले, "घाबरू नका, आता साइटचा उपयोग बघा." त्यांनी मोबाइलवर काकांची माहिती उघडली, 'आपत्कालीन संपर्क'मधला नंबर काढला आणि लावला.

रिंग वाजली. काकांच्याच पिशवीत वाजली.

काकांकडे दोन फोन आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सर जवळजवळ ओरडलेच, "काका, स्वतःचाच नंबर दिला?" काका घोटा धरून शांतपणे म्हणाले, "अडचणीत माझ्यापेक्षा भरवशाचं कोण हाय मला?"

मला तेव्हाच शंका आली. मी सरांच्या क्लासवर जाऊन सगळ्यांची माहिती बघितली. निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून. ते एक वेळ खरं धरू, आमच्याकडे मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्या लेकरांना एकाच दिवशी जन्माला घातलंय. पण पत्ते? एकाने आपलं घर म्हणून नव्या बसस्टँडचा पत्ता दिलेला. एकीने नवऱ्याचं नाव दिलं, गाव माहेरचं दिलं आणि फोन नंबर नऊच आकडी दिला. रक्तगट जवळजवळ सगळ्यांचा ओ पॉझिटिव्ह, कारण यादीत तो सगळ्यात वर होता. आणि माझी स्वतःची माहिती? माझं वजन मी सहा किलोने कमी लिहिलं होतं. तुमच्याजवळ म्हणून सांगितलं.

सगळ्या यादीत एकच फॉर्म नीट भरलेला होता. वर्षाचा. ही सेनगाव तालुक्यातली मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. खोली घेऊन एकटी राहायची. तिने खोलीचा पत्ता, घरमालकाचं नाव, रक्तगट, सगळं बरोबर लिहिलं होतं.

मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली खरं लिहायला?"

ती म्हणाली, "मॅडम, आमच्या लॅबमधी नळीवर चुकीचं नाव टाकलं तर माणूस जातंय. मला खोटं लिहायची सवयच न्हाई लागली."

मला तिचं कौतुक वाटलं आणि तिची काळजीही वाटली.

*

मग सरांनी कुठेतरी वाचलं, की साइटवर गोपनीयतेचं धोरण लावावं लागतं. त्यांनी एक इंग्रजी धोरण घेतलं आणि रात्रंदिवस बसून मराठीत आणलं. त्यात एक वाक्य होतं, 'आम्ही आपली माहिती तिसऱ्या पक्षाला देणार नाही.'

नेमकी नगरपालिकेची निवडणूक लागलेली. काकांनी टेकडीच्या माथ्यावर बसून हे वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून सरांकडे बघितलं. "म्हंजे पयल्या दोन पक्षांना देऊन राहिले व्हय?"

आमच्यात दोघं एका पक्षाचं काम करतात. ते भडकले. "तिसरा म्हंजे आमालाच म्हणले तुमी. तिसऱ्या नंबरला आलो होतो ते मागच्या टायमाला. आता न्हाई." दुसऱ्या पक्षाचा एक जण खूश होऊन सरांना बिस्किटं द्यायला लागला.

सर घामाघूम. "अहो, तसा पक्ष नाही. पहिला पक्ष म्हणजे मी. दुसरा पक्ष म्हणजे तुम्ही सगळे."

काका म्हणाले, "तुमी एकटेच पयला पक्ष? मंग वॉर्डातून उभे ऱ्हा की."

हे टेकडीवरचं बोलणं गावात आमच्या आधी पोचलं. मंगळवारी गळ्यात रुमाल टाकलेले चार जण क्लासवर आले. खुर्च्या ओढून बसले. त्यातला एक म्हणाला, "सर, तुमी पक्ष काढला म्हणे. पाठिंबा कुणाला देणार हाव?"

सरांनी त्याच दुपारी वाक्य बदललं. 'आम्ही आपली माहिती कुणालाही देणार नाही.' साधं, सरळ, कुणाच्या भावना न दुखावणारं. या वाक्याने पुढे सरांची झोप उडवली, ते सांगते.

*

इथून पुढचा किस्सा मला हसत सांगता येत नाही.

आमच्याकडे पेपरात फोटो छापून आला की खाली 'छायाचित्रात डावीकडून' अशी ओळ असते आणि त्यात एक जरी नाव राहिलं तरी तो माणूस वर्षभर बोलत नाही. सरांना हे पक्कं माहीत. म्हणून ते साइटवर ग्रुप फोटो टाकताना कुणालाही सोडत नसत. नाव, गाव, हुद्दा, कुठे नोकरीला, सगळं. कुणी नाराज व्हायला नको.

तशाच एका फोटोत वर्षा होती. ती नेहमी फोटोच्या वेळी मागे सरकायची, ओढणी तोंडावरून घ्यायची. आम्हाला वाटायचं ऊन लागतं. त्या दिवशी वाऱ्याने ओढणी उडाली. खाली सरांनी लिहिलं, छायाचित्रात डावीकडून तिसरी वर्षा, लॅब टेक्निशियन, आणि पुढे हॉस्पिटलचं पूर्ण नाव. चौथी मी होते. माझा हुद्दा बिनचूक छापलाय म्हणून मी तो फोटो बहिणीला पाठवलासुद्धा.

चार दिवसांनी हॉस्पिटलात कुणाचा तरी फोन आला. "तुमच्या लॅबमधली वर्षा किती वाजता सुटते?"

तिथल्या बाईंनी अशी कुणी इथे नाही म्हणून फोन ठेवला. वर्षा त्या संध्याकाळी माझ्या घरी आली. पाणी प्यायली आणि पहिल्यांदा सगळं बोलली. तिचं लग्न झालेलं होतं. नवरा मारायचा. एकदा त्याने तिचा हात दारात चेंगरला. ती सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन निघून आली. घटस्फोटाचा दावा टाकला, पण नवऱ्याने गाव सोडलं आणि कुठे राहतो ते कुणी सांगेना. कोर्टाची नोटीस तीन वेळा परत आली होती. दर वेळी तोच शेरा, 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' नोटीस बजावली जात नाही तोवर दावा जागचा हलत नाही.

"तो मला धुंडून राहिलाय मॅडम," ती म्हणाली. "नोटीस घ्यायच्या आधी मला गाठायचं अन् दावा काढून घ्यायला लावायचा. हॉस्पिटलात येऊन तमाशा केला तर नोकरी जाईन. मंग मला त्याच्याच दारात जावं लागंल."

मला सरांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. जिवंत माणसाकडे दाखला मागणारी मी, आणि शेजारी उभी पोरगी तोंड का झाकते हे मला एकदाही खटकलं नाही.

सरांना सांगितलं तेव्हा ते उठून कॉम्प्युटरसमोर बसले. फोटो काढून टाकला आणि तोवर सभासदांना दिसणारी सगळ्यांची माहिती कुलूपबंद केली. नवीन सभासदाला आधारची स्वसाक्षांकित झेरॉक्स, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि चालू फोटो सक्तीचा केला. मग टेबलावर डोकं टेकवून बराच वेळ बसले. सरांना दोन मुली आहेत.

*

तीन आठवड्यांनी साइटवर एक नवा फॉर्म आला. सरांनी मला आणि काकांना क्लासवर बोलावलं, कारण आता कुणालाही घ्यायचं तर आम्ही तिघं मिळून बघायचो.

सर खुशीत होते. "हा बघा आदर्श फॉर्म. एक रकाना रिकामा नाही."

मी बघितलं. जवळा बाजार गावचा कुणी तिशीतला माणूस. जन्मतारीख एक जून नाही. रक्तगट ओ नाही. फोन नंबर दहा आकडी. सध्याचा पत्ता गल्ली, घरमालकाचं नाव, जवळची खूण यांसकट. विजेचं बिल जोडलेलं. आधारवर सही, सहीखाली तारीख. उंचीसुद्धा अर्ध्या इंचासकट.

मी फॉर्म पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "सर, हा माणूस आपल्यातला नाही."

"का? सगळं खरं आहे. मी नंबर लावून बघितला."

"म्हणूनच. आपल्या जिल्ह्यात कुणी फुकटच्या फॉर्मवर इतकं खरं लिहितं का? ज्याला आत घुसायची घाई आहे तोच इतकं खरं लिहितो."

काकांनी मान हलवली. "ताई बराबर बोलून राहिल्या. मी जमिनीचे अर्ज पाह्यलेत. ज्याचा कागद लैच साफ, त्याचा बांध सरकलेला असतोय."

मी तो फोटो माझ्या मोबाइलवर घेतला आणि लॅबच्या मागच्या दाराने जाऊन वर्षाला दाखवला. तिने बघितलं आणि म्हणाली, "हाच." मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

त्याने खरं नाव का दिलं असेल? मी यावर खूप विचार केला. बाई घरातलं चार लोकांत बोलत नाही, मार खाल्लेली तर मुळीच नाही, असा त्याचा अंदाज असणार. टेकडीकरांना वर्षा अविवाहित वाटते, मग याचं नाव कोण ओळखणार? आणि आधारशिवाय आत येता येत नव्हतं. सरांनी दाराला जे कुलूप लावलं होतं, ते उघडायला त्याला स्वतःचा पत्ता द्यावा लागला होता.

*

मी क्लासवर परत आले आणि दोघांना सांगितलं. सर लगेच म्हणाले, "नामंजूर करतो. आत्ता."

काका म्हणाले, "थांबा. नामंजूर केलं तर हुशार होईन अन् पुन्हा घर बदलीन." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, हे सभासदाची माहिती आपल्याला कुणाला देता येते का?"

सरांचा चेहरा पडला. "नाही काका. कुणालाही नाही. मीच लिहिलंय. 'कुणालाही' असंच लिहिलंय." मग म्हणाले, "एकदा माझ्या हातून एका पोरीची माहिती गेली. आता पुन्हा कुणाचीही द्यायची नाही असं मी ठरवलंय. उद्या लोक कशावर विश्वास ठेवतील?"

"बराबर हाय," काका म्हणाले. "देऊच नका तुमी."

काकांनी आपली खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "सर, चहा सांगता का?"

चहाची टपरी क्लासच्या खिडकीतून दिसते. सर नेहमी खिडकीतूनच तीन बोटं दाखवतात आणि चहा येतो. त्या दिवशी ते उठले, चपला घातल्या, कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि जिना उतरून चहा सांगायला स्वतः गेले. जाताना दार ओढून घेतलं. चांगली वीस मिनिटं आले नाहीत.

त्या वीस मिनिटांत खोलीत काय झालं हे मला विचारू नका. मी तिथे होते, पण खिडकीतून बाहेर बघत होते. एवढं मात्र शपथेवर सांगते, आमच्या ऑफिसातला प्रिंटर काळा-पांढराच आहे. रंगीत निघतं ते सरांच्या क्लासवर.

सर आले तेव्हा त्यांच्या हातातला चहा गार झाला होता. त्यांनी कुणाकडेही न बघता त्या माणसाचा अर्ज मंजूर केला.

*

तो तीन रविवार आमच्याबरोबर चालला.

त्याला संशय येऊ द्यायचा नव्हता आणि वर्षाचा ठावठिकाणाही लागू द्यायचा नव्हता. वर्षा त्या दिवसांत माझ्याकडे राहायची. हॉस्पिटलात तिची वेळ बदलून घेतली होती आणि ने-आण आमचे हे करायचे. ग्रुपमध्ये आम्ही फक्त एवढंच सांगितलं, की नवीन माणसाने वर्षाबद्दल विचारलं तर खरं सांगायचं नाही. आमच्या लोकांना याहून सोपं काम कुणी आजवर दिलं नसेल.

माणूस दिसायला चांगला, बोलायला गोड. सगळ्यांना पाणी द्यायचा, चढावर म्हाताऱ्यांना हात द्यायचा. मला त्याचं सगळ्यात जास्त भय वाटलं ते यामुळेच. चालता चालता सहज विचारायचा, "हॉस्पिटलातल्या एक ताई येत असतेत ना तुमच्यात?"

एकाने सांगितलं, "त्या नांदेडला गेल्या, सरकारी नोकरी लागली." दुसरीने सांगितलं, "तिचं रक्त कमी झालंय, डॉक्टरनं चढ बंद केलाय." तिसऱ्याने तिला पुण्याला पाठवलं. एकाने तर तिचं लग्नच ठरवून टाकलं. हे ऐकून त्याचा चेहरा क्षणभर जो बदलला तो मी बघितला. नंतर मी त्या माणसापासून दहा पावलं लांब चालले.

शेवटी तो काकांकडे गेला. "काका, तुमी तर जुने. त्या लॅबवाल्या ताई कुठं असतेत?"

काका थांबले, कमरेवर हात ठेवून विचार केला आणि म्हणाले, "ताई? आमच्यात कोणी बाया नसतेत. सगळे गडीच हायेत."

मी काकांच्या शेजारी उभी होते. त्यांच्याच बाटलीतलं पाणी पीत होते.

तो माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, तुमी कुठं ऱ्हाता?" माझ्या घरी त्या वेळी वर्षा कपडे वाळत घालत असणार. मी त्याला अख्खा पत्ता दिला, गल्लीसकट, खुणेसकट. तो आमच्या जुन्या ऑफिसचा होता. ती इमारत पाडून टाकली आहे.

*

तिसऱ्या रविवारनंतरच्या आठवड्यात वर्षाचा ऑफिसात फोन आला. ती फक्त एवढं म्हणाली, "मॅडम, बजावली." आणि रडायला लागली. मीही टेबलावर रडले. समोरचे पेन्शनवाले आजोबा घाबरून म्हणाले, "बाई, मी जित्ता हाय, खरंच हाय."

कशी बजावली, ते आम्ही नंतर बेलिफाच्या तोंडून ऐकलं. नोटीस घेऊन जायचं काम त्याचं. काकांची आणि त्याची कोर्टाच्या आवारातली जुनी ओळख. तो चहा पिता पिता सांगत होता. मी होते, काका होते, सर होते.

वर्षाच्या वकिलाने नवा पत्ता लावला होता, त्यावर तो गेला. जवळा बाजारचा आठवडी बाजार, गल्लीत गर्दी. दार ठोठावलं. माणूस बाहेर आला. नाव विचारल्यावर म्हणाला, "ते इथं ऱ्हात न्हाईत. मी त्यांचा मावसभाऊ."

बेलीफ म्हणाला, "असं दर दारात ऐकत असतो मी. सवय हाय. पण या वेळी नोटिसीसोबत एक कागद होता. कुणी जोडला माहीत न्हाई. वर नाव न्हाई, खाली सही न्हाई. रंगीत. त्यात ह्याचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो, अन् खाली उंची, वजन, रक्तगट. तीस वर्षांत असा कागद पाह्यला न्हाई मी."

सर कपातल्या चहाकडे बघत होते. काका मिशी पुसत होते.

"मी कागद वर धरला. एकदा कागद पाह्यला, एकदा त्याला पाह्यलं. तो म्हणला, हे कुणी दिलं तुमाला? ही माझी खासगी माहिती हाय." बेलिफाने बशी खाली ठेवली. "मी म्हणलं, तुमची कशी? मावसभावाची हाय ना? तवा गप झाला. मंग माझी नजर खाली गेली. फोटोत भडक केशरी बूट, नवेकोरे, अन् त्याच्या पायातबी तेच. म्हणलं, मावसभावाचे बूट घालून तुमी कुठं निघून राहिले? सही करा आधी."